काळे पडलेले टाक

ऑक्सिडीकरणात ऑक्सिजन असलाच पाहिजे असं नाही, हे मला अकरावीत कळलं आणि मी रसायनशास्त्राशी बोलणं टाकलं. लोखंड गंजलं की ऑक्सिडीकरण, इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण सोडियम आणि क्लोरीन यांचं मीठ झालं तरी ऑक्सिडीकरण, तेही फक्त सोडियमचं. क्लोरीनचं त्याच क्षणी म्हणे क्षपण. आणि ज्याचं क्षपण झालं त्यालाच म्हणायचं ऑक्सिडक. आमच्या सरांनी हे सगळं एका दमात फळ्यावर लिहिलं, “सोपं आहे” म्हणाले आणि हाताचा खडू झटकला. पुण्यात कोणी एखादी गोष्ट सोपी आहे म्हणालं, की ती पुन्हा सांगितली जाणार नाही असं समजावं.

चाचणीत त्या प्रश्नाला मला भोपळा मिळाला. वडील पेपराच्या आडून “पुढच्या वेळी बघ” एवढंच म्हणाले. त्यांची सगळी मतं पेपराच्या आडूनच यायची. मला वाचवलं वहिनीने. पुढे मी रसायनशास्त्रच घेतलं, कॉलेजात अनेक वर्षं शिकवलं, त्यावर संसार केला. त्या सगळ्याची सुरुवात आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी झाली आणि त्यासाठी मी दोन बायकांची ऋणी आहे. एक वहिनी. दुसरी माझी आई, आणि ती कोणाला सहजासहजी आभार मानू देणाऱ्यांपैकी नव्हती.

आम्ही मंडईपासून चालत दहा मिनिटांवर राहत होतो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव. दादाने त्याच उन्हाळ्यात स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं. वहिनी बिबवेवाडीची. तेव्हा बिबवेवाडी म्हणजे शेतं, विहिरी आणि पेरूच्या बागा. तिच्या घरची शेती होती, आणि त्या घरातून रोज सायकल मारत कॉलेजला येऊन ती एम. एस्सी. झाली होती. एका कॉलेजात मुलांचे रसायनशास्त्राचे प्रयोग घ्यायची. दादाची आणि तिची ओळख कशी झाली हे मी विचारलं की दोघंही दुसरंच बोलायला लागत.

आम्ही ब्राह्मण, ते मराठा. लग्नाची बोलणी करायला तिचे वडील आमच्याकडे आले, तेव्हा भिंतीवरच्या खंडोबाच्या तसबिरीकडे बघून म्हणाले, “देव तर तुमचा-आमचा एकच हाय. मग अडतंय कुठं?”

आई चहा ठेवत म्हणाली, “देवाचं काही अडत नाही हो. स्वयंपाकघराचं अडतं.”

लग्न झालं. आई वाईट बाई नव्हती, हे मला आधीच सांगून टाकायला हवं, कारण पुढे ती तशी वाटेल. वहिनीला तिने उपाशी ठेवलं नाही, टोचून बोलली नाही. ती कॉलेजातून दमून आली की तिच्या पुढ्यात गरम पोळी यायची. पण घरात एक रेघ होती. वहिनीने देवांना हात लावायचा नाही आणि नैवेद्याचा स्वयंपाक करायचा नाही. ही रेघ कोणी बोलून दाखवली नव्हती. पहिल्याच दिवशी वहिनी फुलं घेऊन देवांकडे निघाली, तेव्हा आईने तिच्या हातातली परडी घेतली आणि तिला कणीक मळायला सांगितली. वहिनी हुशार होती. तिने पुन्हा परडी उचलली नाही. मला मात्र या सोवळ्याची तेव्हाही चीड यायची आणि आजही येते. मुलगी म्हणून मी आईला तसं म्हणूनही दाखवायचे, आणि आई म्हणायची, तुझ्या घरी तू तुझे नियम कर.

लग्नानंतर आईने आणखी एक गोष्ट केली. आमच्या देवांत टाक होते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेल्या कुलदेवतांच्या छोट्या प्रतिमा: घोड्यावरचा खंडोबा, भवानी, आणि एक इतका झिजलेला की तो कोण हे फक्त आई सांगू शकायची. इतकी वर्षं हे टाक इतर देवांबरोबर उघड्यावर असत. सून आल्यावर आईला वाटलं, निदान कुलदेवतांना तरी कोणाचा चुकून हात लागू नये. तिने ते धुतले, पुसले, आणि धाबळीच्या तुकड्यात गुंडाळले. धाबळी म्हणजे सोवळ्यात नेसायचं लोकरीचं वस्त्र. लोकरीला विटाळ होत नाही असं मानतात, त्यामुळे आईच्या लेखी जगात त्याहून शुद्ध कापड नव्हतं. ती गुंडाळी तिने पत्र्याच्या डब्यात ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि डबा कोणाचा हात पोचणार नाही अशा जागी, शेगडीच्या वरच्या फळीवर चढवला. सगळा पावसाळा खाली भात शिजत होता, डाळ उकळत होती, आणि वर देव धाबळीत बसले होते.

घटस्थापनेच्या सकाळी आईने सोवळ्यात तो डबा उतरवला, गुंडाळी सोडली, आणि तशीच बसून राहिली. मी दारातून पाहिलं. टाक काळे पडले होते. थोडे मळले वगैरे नाही. तव्याच्या बुडासारखे काळे. खंडोबाचा घोडा कुठे संपतो आणि खंडोबा कुठे सुरू होतो तेही कळत नव्हतं.

आई काही ओरडली नाही. तिने चिंच घेतली, रांगोळी घेतली आणि एक टाक जोरजोरात घासायला लागली. वहिनी उंबऱ्याबाहेर उभी होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, “आई, घासू नका. चांदी जाईल.” आईचा हात थांबला. खंडोबाचं नाक-डोळे आधीच पुसट झाले होते, हे तिलाही दिसत होतं. तिने टाक खाली ठेवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, “देवाला पटलेलं नाही, दुसरं काय.”

वहिनी माझ्यामागे होती. तिने ते ऐकलं, दादाने ऐकलं, पेपराच्या आडून वडिलांनीही ऐकलं असणार. त्या नवरात्रात काळे टाकच घटाशेजारी बसले. दसरा झाल्यावर दादाने आईला सांगितलं की तो चिंचवडला, त्याच्या कारखान्याजवळ, एक खोली बघतोय. चंपाषष्ठीचा कुलाचार होऊ दे, मग आम्ही जाऊ. आई म्हणाली, “बरं.” एवढंच. त्या एका शब्दानंतर ती दोन्ही वेळा जेवली नाही.

माझं काय होणार हे कोणी विचारलं नाही. मला बहीण नव्हती. वहिनी आल्यापासून मला पहिल्यांदा घरात कोणी तरी माझ्या बाजूचं मिळालं होतं, आणि ते माणूस आता चंपाषष्ठीनंतर ट्रंक घेऊन निघून जाणार होतं. त्यातच तो भोपळा मिळाला. मी रडले ते भोपळ्यासाठी असं सगळ्यांना वाटलं, आणि मी वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून वहिनी मला शिकवायला लागली. ती भाजी चिरायची, मी ओट्याला टेकून उभी राहायची. पाठ्यपुस्तक तिने उघडूच दिलं नाही. माहेरून तिने मोरचुदाचा एक खडा आणला होता. तिच्या वडिलांकडे फवारणीसाठी असायचा. काचेच्या पेल्यात तो विरघळवून तिने निळंशार पाणी केलं आणि त्यात एक घासलेला खिळा सोडला. “बघत राहा,” म्हणाली. थोड्या वेळाने खिळ्यावर तांबूस थर चढला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा निळा रंग बराच फिका झाला होता.

मी म्हटलं, खिळ्याला तांबं चिकटलं. ती म्हणाली, तांबं आलं कुठून? ते पाण्यातच होतं. प्रत्येक तांब्याच्या अणूचे दोन इलेक्ट्रॉन गेलेले होते, म्हणून तो पाण्यात विरघळून निळा दिसत होता, धातूसारखा दिसत नव्हता. लोखंडाने आपले दोन इलेक्ट्रॉन त्याला दिले. तांबं पुन्हा तांबं झालं, आणि लोखंड पाण्यात गेलं. एकाने दिले, दुसऱ्याने घेतले. दोन्ही एकाच वेळी झालं. घेणारा असल्याशिवाय देता येत नाही. देणाऱ्याचं झालं ते ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचं झालं ते क्षपण. ऑक्सिजन या कामात पटाईत म्हणून त्याचं नाव सगळ्याला चिकटलं. तो हजर असलाच पाहिजे असं नाही.

मला एकदम हलकं वाटलं. पण ती तिथे थांबली नाही. दिसतं त्यावरून ठरवायचं नाही, हा तिचा नियम होता. आधी प्रत्येकाचा आकडा काढायचा. एकटा धातू असेल तर शून्य. दोन इलेक्ट्रॉन गेले असतील तर अधिक दोन. दोन मिळाले असतील तर उणे दोन. क्रिया व्हायच्या आधी प्रत्येकाचा आकडा किती, नंतर किती? ज्याचा वाढला त्याने दिले, ज्याचा कमी झाला त्याने घेतले, ज्याचा बदलला नाही त्याच्यावर आळ घ्यायचा नाही, तो कितीही जवळ उभा असला तरी.

आई त्या वेळी चिंचेने तांब्याचा हंडा घासत होती. मी आपली अक्कल पाजळली: हेही तेच ना, काळा हंडा लाल होतोय, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळाले. वहिनी म्हणाली, आकडा काढ. काळ्या थरातल्या तांब्याचा आधी अधिक दोन, चिंचेच्या आंबटात विरघळल्यावर? तोही अधिक दोन. म्हणजे कोणी कोणाला काही दिलं नाही. तो थर नुसता धुऊन गेला आणि खालचं ताजं तांबं उघडं पडलं. हंडा दर वेळी थोडा पातळ होतो, एवढंच. आई हंड्यावर पाणी ओतता ओतता म्हणाली, “म्हणजे मी इतकी वर्षं हंडा संपवतेय तर.” पण ती ऐकत होती. त्या ओट्याशी आमचं जे काही चाललं होतं त्यातलं बरंचसं ती ऐकत होती, हे मला खूप उशिरा कळलं.

मग एके दिवशी मी विचारलंच. टाकांचं काय झालं? वहिनीने सुरी खाली ठेवली. हा विषय ती कधीच काढत नसे. पण मी प्रश्न अभ्यासाच्या सुरात विचारला होता आणि ती हाडाची शिक्षिका होती. तिने सांगितलं, चांदीवरचा काळा थर म्हणजे चांदी आणि गंधक. मी लगेच निकाल दिला: म्हणजे गंधकाने इलेक्ट्रॉन घेतले. ती म्हणाली, आकडा काढ.

हवेत गंधकाचा जो कुबट वायू असतो, ज्यात गंधकाबरोबर हायड्रोजन असतो, त्यात गंधकाचा आकडा आधीच उणे दोन. काळ्या थरातही उणे दोन. बदलला नाही. चांदी शून्यावरून अधिक एकवर गेली, म्हणजे तिचे इलेक्ट्रॉन गेले खरे. पण गेले कुठे? मी आकडे मांडलेला तिचा कागद उलटा-सुलटा करत बसले. शेवटी सापडलं: हवेतला ऑक्सिजन. तो शून्यावरून उणे दोनवर जाऊन पाणी होतो. घेणारा तो. मी म्हटलं, मग गंधकाला उगाच बदनाम केलं, चोर सोडून संन्याशाला फाशी. वहिनी हसली. तसंही नाही, म्हणाली. नुसत्या हवेला चांदी दाद देत नाही. आईंची चांदीची निरंजनं किती वर्षं उघड्यावर आहेत. गंधक शेजारी असला तरच ती सोडते. एकट्याने कोणीच काही करत नाही इथे.

मी आयुष्यभर मुलांना ऑक्सिडीकरण शिकवलं, पण त्या कागदावर ऑक्सिजन सापडल्याचा तो आनंद मला पुन्हा तसा झाला नाही. त्याबद्दल मी वहिनीची किती ऋणी आहे हे मी तिला बोलून दाखवलं आहे, आणि ती दर वेळी म्हणते की कागद माझा होता, आकडे तुझे.

पण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. मी विचारलं, मग डब्यात गंधक आलं कुठून? वहिनी मोजायला लागली. अंड्यात असतं, ते आमच्या घरात नव्हतं. कांद्या-लसणात असतं, पण आमच्याकडे चातुर्मासात बंद केलेला कांदा-लसूण चंपाषष्ठीपर्यंत पुन्हा सुरू होत नसे. रबरात असतं. केसात असतं, म्हणून केस जळला की तसा वास येतो. आणि लोकरीत, ती म्हणाली, आणि तिची नजर शेगडीच्या वर गेली.

मीही तिकडे पाहिलं. वर फळीवर रिकामा डबा होता. लोकर, खालून येणारी वाफ, शेगडीची ऊब, घट्ट झाकण. सून शिवू नये म्हणून आईने देवांना ज्यात जपलं होतं, त्यानेच ते काळे केले होते. आणि काळे पडले म्हणून देवाला सून पटली नाही असं ठरलं होतं.

वहिनीने मला शपथ घातली नाही, फक्त सांगितलं की हे आईंना बोलू नकोस. मी म्हटलं, का नाही, तुझी बाजू खरी आहे. तिने जे उत्तर दिलं ते मला जसंच्या तसं आठवतं. “माझी बाजू खरी ठरली की त्यांची चूक ठरेल. त्यांनी ते मायेने गुंडाळलं होतं गं. शिवाय बाहेरून आलेल्या मुलीने त्यांच्या धाबळीला नाव ठेवायचं?”

तिचं म्हणणं मोठं होतं आणि मी सोळा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी वहिनी कॉलेजला गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. शून्य, अधिक एक, उणे दोन. लोकरीच्या धाग्यात गंधक असतं, उबेत आणि दमटपणात ते वायू होऊन सुटतं. आईने तांदूळ निवडता निवडता ऐकलं. मी थांबले तेव्हा म्हणाली, “म्हणजे आता आमची धाबळीच बाटली म्हणायची. छान शिकवते हं तुझी वहिनी.” मी म्हटलं, वहिनी सांगू नको म्हणाली होती. आईने वर पाहिलं. “ती नको म्हणाली?” मी हो म्हटलं. आई पुन्हा तांदळाकडे वळली. मला वाटलं, संपलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

दिवाळी आली. वहिनी पहिल्या सणाला माहेरी गेली, दादाही गेला. लक्ष्मीपूजनाला आईने पितळी निरंजनं लावली. आमच्याकडे चांदीच्या निरंजनांची जोडी होती, आईला तिच्या माहेरहून आलेली, आणि ती नसलेली दिवाळी मी पाहिलीच नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, उजळायला काढलीत. ऐन दिवाळीत? मग म्हणाली, सोनाराला घाई नाही आणि मलाही नाही. मी तो विषय सोडून दिला. दादाने मात्र त्याच आठवड्यात चिंचवडच्या खोलीचं नक्की केलं, आणि वहिनी परत आल्यावर तिने पुस्तकं ट्रंकेत भरायला सुरुवात केली. ती पुस्तकं मला देऊन जा असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं, पण मग ती जाणार हे मान्य केल्यासारखं झालं असतं, म्हणून म्हटलं नाही.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी दुपारी वडील मंडईतून भरताची वांगी घेऊन आले. खंडोबाच्या नैवेद्याला भरीत आणि रोडगे लागतात. वांगी ओट्यावर ठेवून आईने वहिनीला हाक मारली. मीही गेले, बोलावलं नसताना.

आईने वरच्या फळीवरून डबे उतरवले. दोन होते. एक टाकांचा जुना, दुसरा तसाच, नवा. दोन्ही तिने आमच्यासमोर उघडले. पहिल्यात धाबळीची गुंडाळी होती, दुसऱ्यात जुन्या सुती पंच्याची. धाबळीतून एक निरंजन निघालं, पंच्यातून दुसरं. पंच्यातलं होतं तसं पांढरं होतं, थोडं मंद झालेलं. धाबळीतलं कडेने पिवळट, मध्ये तपकिरी आणि बुडाशी काळं पडत आलं होतं.

प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या लोकांनाही सांगावं लागतं की दोन नमुन्यांत एकच गोष्ट वेगळी ठेवा, बाकी सगळं सारखं. आईला हे कोणी सांगितलं नव्हतं. एकच जोडी, सारखे डबे, एकच फळी, खालून तीच वाफ. वेगळं फक्त कापड. आणि आपल्या माहेरची निरंजनं तिने यासाठी पणाला लावली होती.

“तू माहेरी गेलीस त्या दिवशी ठेवली,” आई वहिनीला म्हणाली. “तू आलीस तरी फळीपर्यंत तुझा हात पोचत नाही. मी पाहिलंय.”

वहिनी म्हणाली, एकट्या धाबळीचा दोष नाही आई, हवा होती, वाफ होती, डबा बंद होता. आई म्हणाली, ते तू हिला शिकवत होतीस तेव्हा ऐकलंय मी. दोष कोणाचा ते विचारत नाही. मग ती देवांकडे गेली आणि काळे टाक घेऊन आली. तिने विचारलं, हे न घासता उजळतात का? उरलीसुरली चांदी तरी राहायला हवी.

वहिनी म्हणाली, उजळतात. पण जर्मनच्या पातेल्यात ठेवावे लागतील. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणत, आणि आमच्या घरात जर्मनच्या पातेल्यात फक्त अंघोळीचं पाणी तापायचं. मला वाटलं, इथे गाडी अडणार. आईने स्वतः ते पातेलं आणून शेगडीवर ठेवलं. “तापव पाणी,” म्हणाली.

वहिनीने उकळतं पाणी केलं, त्यात मूठभर मीठ आणि खायचा सोडा घातला. टाक तळाला नीट टेकायला हवेत, म्हणाली, धातूला धातू लागला पाहिजे. ती एक पाऊल मागे सरली, म्हणजे आईला टाक सोडता येतील. आईने टाक तिच्यासमोर धरले.

“तूच सोड. मला ते नीट टेकवता येणार नाहीत.”

ही सबब होती. तिचा हात माझ्या आणि वहिनीच्या हातांपेक्षा कितीतरी स्थिर होता. वहिनीने टाक घेतले. एकेक करून तिने ते पाण्यात सोडले, पळीने तळाशी टेकवले. थोड्या वेळाने पातेल्यातून नासक्या अंड्यासारखा बारीक वास आला. आईने पदर नाकाला लावला आणि विचारलं, हे काय. गंधक सुटतंय, वहिनी म्हणाली. बघता बघता खंडोबाच्या घोड्याचा पाय पांढरा झाला, मग पोट, मग लगाम. भवानीचे हात दिसायला लागले. मी आकडे पुटपुटत होते: ॲल्युमिनियम शून्यावरून अधिक तीन, चांदी अधिक एकवरून शून्य, एका ॲल्युमिनियममागे तीन चांदीचे अणू परत.

आईने मला गप्प केलं. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. घासल्यावर चांदी जाते, मग यात नाही का जात? वहिनी म्हणाली, नाही. काळ्या थरात चांदीच होती, तिचे फक्त इलेक्ट्रॉन गेले होते. ते मिळाले, ती जिथल्या तिथे पुन्हा चांदी झाली. आई पातेल्यावर वाकली. तो झिजलेला टाकही उजळला होता, आणि आता मलाही दिसलं की ती एक बाई आहे, कमळावर उभी.

टाक पुसून देवांत ठेवले गेले, उघड्यावर. वहिनीनेच ठेवले. आई तिच्या मागे उभी राहून कोण कुठे ते सांगत होती. मग तिने विचारलं, “तुमचं चिंचवडचं नक्की का?”

वहिनी देवांकडेच बघत म्हणाली, “इथे जागा नव्हती आई.”

“जागा आहे,” आई म्हणाली. “उद्याचं भरीत तू कर. रोडगेही. ते सोवळ्यात करावं लागतं, माझी धाबळी नेस.”

वहिनीने विचारलं, धाबळी? आई म्हणाली, “हो, धाबळी. ती चांदीला चालत नाही. सुनेला चालते.”

चिंचवडची खोली दादाच्या कारखान्यातल्या एका माणसाने घेतली. पुढे सोवळंच घरातून गेलं, एका दिवसात नाही, हळूहळू, आणि मला त्याचं दुःख नाही. आईने कधी माफी मागितली नाही आणि वहिनीने कधी तिची वाट पाहिली नाही. मला मात्र दोघींची आठवण आली की छाती भरून येते. एकीने मला कोणावरही आळ घेण्याआधी आकडा काढायला शिकवलं. दुसरीने आकडा आपल्या विरुद्ध निघणार हे माहीत असून तो काढला. हे दुसरं मला अजून जमलेलं नाही.

चंपाषष्ठीच्या सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरातून वांगं भाजल्याचा वास येत होता. वहिनी आईची धाबळी नेसून उभी होती. निऱ्या सगळ्या एका बाजूला गेल्या होत्या, आणि आई खाली वाकून, एकेक निरी सोडवून, तिच्या कमरेला पुन्हा खोचून देत होती. मी आत जायला निघाले तशी दोघी एकदम म्हणाल्या, तू अंघोळ केलेली नाहीस, शिवू नकोस, बाहेर थांब. मी दारात थांबले. त्या दाराबाहेर उभं राहायला मला इतकं छान वाटलं, की रोडगा ताटात पडेपर्यंत मी तिथून हलले नाही.